पंधरावं कार्ड

३ फेब्रुवारी

चि. टिल्लूस,

आशीर्वाद लिहायला आज हात धजत नाही, ते शेवटी बघू. आई बरी आहे, गुडघा तेवढा अजून दुखतो, तुझी आठवण काढते. एवढी खुशाली पुरे.

तुझे फोन मी मुद्दाम उचलत नाहीये. सात आले, मोजलेत. अप्पांचा नियम तुला आठवत असेल: भावाबहिणीचं भांडण कागदावर, कारण तोंडाने दोघंही एकदम बोलतात आणि ऐकत कोणीच नाही. शिवाय पत्रात तुला मधे बोलता येत नाही. आज मला मधे बोललेलं अजिबात चालणार नाही.

आधी हे सांगते की मला तुझा अभिमान वाटला होता. रुग्णालयाने बाहेरून कोणी माणूस बोलावलाय, तो प्रत्येक विभागाला गोलात बसवून आपण एकमेकांना कसं सांभाळतो यावर बोलतं करणार, असं कळलं आणि तो माणूस माझाच भाऊ निघाला, तेव्हा मी कँटीनमधल्या चार जणींना सांगून आले. गेल्या गुरुवारी तू आमच्या तळघरात उतरलास. सहा फुटांचा टिल्लू, दारात डोकं आपटलंस, सगळे हसले. बरं वाटलं. मग तू रंगीत कार्डांची पिशवी उघडलीस.

आम्ही पाच माणसं. मी, नाना, ती गाणारी आणि वाफेच्या मशीनवरचे दोघे. वरच्या मजल्यांवर पोटं फाडली जातात, हाडं जोडली जातात, त्याची सगळी अवजारं खाली आमच्याकडे येतात. आम्ही ती धुतो, एकेक डोळ्यांसमोर धरून तपासतो, ट्रेमध्ये मांडतो, कापडात बांधतो, वर चिठ्ठी लावतो आणि वाफेला देतो. तू प्रत्येकाला तीन कार्डं दिलीस, तीन प्रश्न दिलेस. नाव लिहू नका म्हणालास. इथलं इथेच राहील, असं छातीवर हात ठेवून म्हणालास. त्यावर विश्वास ठेवून माणसांनी लिहिलं, आणि तू ती कार्डं कपडे बदलायच्या खोलीबाहेरच्या फळ्यावर लावून गेलास, का, तर सगळ्यांना दिसावीत.

अरे शहाण्या, आम्ही चिठ्ठ्या लिहिणारी माणसं आहोत. ट्रेत किती कात्र्या, किती चिमटे, किती वाजता बांधला, हे आम्ही दिवसाला चाळीस वेळा हाताने लिहितो. वर ऑपरेशनच्या खोलीतली प्रत्येक नर्स त्या चिठ्ठ्या फाडूनच ट्रे उघडते. आमचं अक्षर म्हणजे आमचं तोंड. त्यात नानांचं अक्षर गेल्या वर्षभरात मोठं मोठं होत गेलंय, एका ओळीत तीन शब्द मावत नाहीत. आणि नानांनी कार्डावर काय लिहिलं होतं, ते तू वाचलंसच. तरी लिहिते. "आठ महिने झाले, मला बारीक दिसत नाही. माझे ट्रे कोणीतरी पुन्हा उघडून तपासतं. मी माहीत नसल्यासारखा वागतो. आभार मानायचे राहिलेत."

शुक्रवारी सकाळी हे फळ्यावर. जेवणाच्या सुट्टीपर्यंत अधीक्षकांच्या टेबलावर. दुपारी नाना कापडं घडी करायच्या खोलीत. एकतीस वर्षं ज्या टेबलावर उभे होते, तिथून डबा आणि चष्म्याचं घर उचलून गेले. चौकशी वीस तारखेला आहे. निवृत्तीला चौदा महिने उरलेत, आणि आता चौकशीत काढून टाकलं तर त्या माणसाने घरी काय तोंड दाखवायचं?

ट्रे पुन्हा तपासणारं कोण, हे अधीक्षकांनी त्यांना तीनदा विचारलं. नानांनी सांगितलं नाही. तुला सांगते. मी.

आणखी एक. पाच माणसं, तीन कार्डं, पंधरा झाली. फळ्यावर चौदाच होती. मी मोजून पाहिलं.

आशीर्वाद आहेतच, ते काही परत घेता येत नाहीत. लोभाचं मात्र पुढच्या पत्रात ठरवू.

ताई


८ फेब्रुवारी

ती. ताईस,

टिल्लूचा नमस्कार, घेतलास तर. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा उभं राहून वाचलं, कारण बसवेना.

माझं चुकलं. नाव नसलं की माणूस सुरक्षित, असं मी धरून चाललो. मी ज्या कचेऱ्यांत जातो तिथे कोणी हाताने लिहीतच नाही, एकमेकांचं अक्षर कोणी पाहिलेलंच नसतं. तुमच्याकडे प्रत्येक भिंतीवर चिठ्ठ्या लटकत होत्या आणि मी त्या बघून छान दिसतात असं म्हणालो. फळ्याची कल्पना अधीक्षकांची होती, पण मी मान डोलावली, म्हणजे माझीच. काल त्यांना फोन करून म्हटलं की ही कार्डं चौकशीसाठी नव्हती. ते म्हणाले, फळा सार्वजनिक असतो.

पण ताई, आता मीही थोडा रागावतो, आणि पत्रात तुलाही मधे बोलता येणार नाही. ज्या माणसाला कात्रीच्या सांध्यातला डाग दिसत नाही, तो आठ महिने अवजारं तपासत होता. तुझी नजर एके दिवशी चुकली असती तर? वर टेबलावर झोपलेल्या माणसाने कोणाला विचारायचं होतं? बरं, ते सोड. तुमच्याच इमारतीत, तीन मजले वर, डोळ्यांचा विभाग आहे. मी त्याच्या दारावरून गेलो. आठ महिन्यांत तुम्हा चौघांपैकी एकालाही नानांना हाताला धरून वर नेता आलं नाही? तुम्ही त्यांना सांभाळलंत, की त्यांच्यासकट सगळे मूग गिळून बसलात? हे मला विचारायचा हक्क नाही हे कळतं. तरी विचारतो.

आणि तू. नाना तुझं नाव घेत नाहीत आणि तू गप्प आहेस. माझ्यावर ओरडायला तुला चार पानं मिळाली.

आईच्या गुडघ्याला शेक देतेस ना? टेबलाचा कोपरा लागला म्हणालीस, त्याला आता दीड महिना झाला.

राग असू दे, पत्र बंद करू नकोस.

टिल्लू


१२ फेब्रुवारी

चि. टिल्लूस,

तुझं पत्र वाचून डोक्यात तिडीक गेली. खरं आहे म्हणून जास्त गेली.

डोळ्यांच्या विभागाचं ऐक. मी दोनदा म्हटलं होतं. पहिल्यांदा नाना म्हणाले, वर गेलो की कागद होतो, कागद झाला की तो खाली येतो, आणि मग मला टेबलावर कोण उभं करेल. दुसऱ्यांदा त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं. तिसऱ्यांदा मी म्हटलंच नाही. मला ते सोपं होतं. पाच वाजता सगळे गेले की त्यांचे ट्रे उघडायचे, तपासायचे, पुन्हा बांधायचे. पाऊण तास. कोणाशी भांडण नाही, कोणाचं मन मोडणं नाही. गाणारीला तर मी सारखी झापत असते, आवाज बंद कर म्हणून, पण नानांना एक वाक्य बोलायला माझी जीभ वळली नाही. हे तू म्हणालास म्हणून कबूल करत नाहीये. मला आधीच ठाऊक होतं, आणि माझ्या अंगाची लाही त्यानेच होत होती.

नाना आता कापडाच्या खोलीत स्टुलावर बसतात. जाताना मी दारात थांबले तर मान वर करत नाहीत. मला वाचवण्यासाठी मान खाली ठेवतात की माझ्यावर रागावलेत, ते कळायला मार्ग नाही. आणि हो, मी अजून बोललेले नाही. इन्चार्ज म्हणून एकोणीस वर्षं मिरवले, आता अधीक्षकांच्या दारापर्यंत जाते आणि काहीतरी विसरल्यासारखी परत येते. एकदा तर खरंच रिकाम्या हाताने परत आले आणि गाणारीने विचारलं की काय आणायला गेला होतात.

आता पंधराव्या कार्डाचं. त्याबद्दल तू चकार शब्द लिहिला नाहीस. सगळ्या मुद्द्यांना उत्तर दिलंस, तेवढंच सोडलंस. ते कार्ड माझं होतं. मी फळ्याखाली शोधलं, मशीनच्या मागे शोधलं, कचऱ्याची पिशवी उलटी केली. कोणाच्या हाती लागलं असेल या भीतीने आठवडाभर जेवण गेलं नाही. तुला माहीत असेल तर सरळ सांग.

आई खुशाल आहे. शेक देते.

ताई


१६ फेब्रुवारी

ती. ताईस,

नमस्कार लिहितो आणि लगेच मुद्द्यावर येतो, नाहीतर लिहिणारच नाही.

कार्ड माझ्याकडे आहे. या पाकिटात घातलंय.

गुरुवारी सगळे चहाला गेले तेव्हा मी कार्डं फळ्यावर लावत होतो. तुझं हातात आलं आणि पहिल्याच शब्दाला ओळखलं. तिसरीत तू माझी सुलेखनाची वही लिहून दिलीस आणि गुरुजींनी एका नजरेत ओळखून मला वर्गाबाहेर उभं केलं, तेच अक्षर. मनात आलं, हे अधीक्षकांनी वाचलं तर ताई अडचणीत येईल. कार्ड खिशात घातलं आणि बाकीची चौदा लावली.

म्हणजे अक्षरावरून माणूस कळतो हे मला त्या क्षणी कळलं होतं. आठ तारखेच्या पत्रात मी तुला लिहिलं की मी धरून चाललो, सुचलं नाही. ते खोटं होतं. सुचलं होतं. तुझ्यापुरतं सुचलं आणि तिथेच थांबलं. नानांचं कार्ड मी त्यानंतर लावलं, स्वतःच्या हाताने, टाचणी घट्ट बसली की नाही ते दाबून पाहिलं. गेले चार दिवस मला ती टाचणीच दिसतेय.

एकच विचारू? तुला ते मला का नाही लिहिता आलं? इतकी वर्षं पत्रं लिहितेस. एका परक्या कार्डावर का लिहिलंस?

रागव. मी वाट बघतो.

टिल्लू


१९ फेब्रुवारी

टिल्लू,

आज मायना नाही.

कार्ड मिळालं. तू प्रश्न दिला होतास: कधी मदत हवी होती आणि मिळाली नाही? मी लिहिलं होतं: "रोज पाच वाजता. कोणीतरी म्हणावं, तुम्ही घरी जा, मी बघते."

हे तू वाचलंस. वाचून खिशात घातलंस. आणि त्याच संध्याकाळी घरी आलास. मी साडेसहाला पोचले तेव्हा तू आईजवळ बसला होतास, मला उशीर झाला म्हणून चेष्टा केलीस, चहा घेतलास, तुझ्या नव्या कचेरीतल्या फिरत्या खुर्च्यांचं वर्णन केलंस आणि आठच्या गाडीने गेलास. शर्टाच्या खिशात माझं कार्ड होतं. माणसांनी एकमेकांना कसं विचारावं हे शिकवायला तू गावोगाव हिंडतोस, आणि समोर बसलेल्या बहिणीला तुला दोन शब्द विचारता आले नाहीत. मला वाचवलंस म्हणतोस. तू मला फक्त फळ्यावरून काढलंस. बाकी मी जिथे होते तिथेच होते.

आता आईच्या गुडघ्याचं. टेबलाचा कोपरा वगैरे काही नाही. शेजारच्या मावशी सहा वाजेपर्यंत बसतात. मी पूर्वी पावणेसहाला पोचायचे, आता साडेसहाला. त्या अर्ध्या तासात अंधारून आलं म्हणून आई दिवा लावायला उठली आणि पडली. मी पोचले तेव्हा जमिनीवर बसून होती आणि मलाच म्हणाली की दमलेली दिसतेस, आधी पाणी पी. त्यानंतर मी काय केलं? मावशींना आणखी अर्धा तास बसाल का असं विचारलंसुद्धा नाही. नानांसारखंच, मीही ऐकू न आल्यासारखी वागले.

तुला का लिहिलं नाही, विचारतोस. लिहिलं असतं तर तू काळजी घे असं उत्तर पाठवलं असतंस. कार्डाकडून ती भीती नव्हती.

उद्या चौकशी आहे. कार्डाची मला गरज होती, बरं झालं पाठवलंस.

ताई


२४ फेब्रुवारी

ती. ताईस,

तू लिहिलंस त्यातला एक शब्दही मी खोडू शकत नाही. काळजी घे असंच मी लिहिलं असतं.

माफी मागायला हे पत्र नाही. दहा मार्चला येतोय, तीन आठवड्यांसाठी. रजा मंजूर झाली. पाच ते साडेसहा मी आईजवळ बसेन, तू कितीला येतेस हे विचारणार नाही. तीन आठवड्यांनंतरचं काय, ते तिथे बसून तुझ्याशी, आईशी आणि मावशींशी बोलून ठरवायचं, गोलात न बसता.

अधीक्षकांना मी लेखी कळवलंय की गुप्ततेचं वचन मी दिलं होतं, ते मी मोडलं, आणि त्यांनी त्या फळ्याच्या जोरावर माणूस हलवला हेही चुकलंच. हेच माझ्या साहेबांना कळवलंय. त्यांना आवडलेलं नाही. आता जिथे जाईन तिथे कार्डं वाचून झाली की लिहिणाऱ्याच्या हातात परत द्यायची आणि त्यानेच फाडायची, असं ठरवलंय.

चौकशीचं काय झालं? तू लिहिणार नसशील तर आईकडून लिहवून घे.

टिल्लू


६ मार्च

चि. टिल्लूस आशीर्वाद. या वेळी पहिल्याच ओळीत.

वीस तारखेला सकाळी लवकर गेले. फळा रिकामा होता, चौदा कार्डं अधीक्षकांच्या फायलीत गेलेली. मध्यभागी माझं एकच लावलं आणि खाली पूर्ण नाव, हुद्दा, तारीख लिहिली. मग कापडाच्या खोलीत जाऊन नानांना म्हटलं, चला, दोघं मिळून जाऊ. ते म्हणाले की तुमचं नाव मी घेतलेलं नाही. मी म्हटलं, म्हणूनच चला.

आत मी सगळं सांगितलं. आठ महिने, पाऊण तास, कोणता ट्रे, कोणता डाग. अधीक्षक म्हणाले की हा हलगर्जीपणा आहे. मी म्हटलं, आहे, लिहून घ्या. मात्र या आठ महिन्यांत मला जे दिसलं ते तुम्हाला का दिसलं नाही, नानांच्या चिठ्ठ्या तुमच्या टेबलावरही येतात, हेही त्याच कागदावर लिहा. आवाज चढला होता माझा. बाहेर नर्स थांबल्या होत्या. चढू दे.

निकाल असा. माझ्या फायलीत शेरा आला आणि इन्चार्जपद सहा महिने तपासणीखाली. नानांना त्याच दिवशी तीन मजले वर नेलं, मी हाताला धरून. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एकाचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं महिनाभराने. डॉक्टरांनी लेखी दिलं की त्यानंतर टेबलावर परत, आणि चौकशीत ते मान्य झालं. त्यांच्या डोळ्याला जी अवजारं लागली तो ट्रे गाणारीने बांधला आणि दोघांनी तपासला. आता प्रत्येक ट्रे दोघांनी तपासायचा, कोणाचाही असो, आणि पाचच्या आत. ही स्वतःचीच नवी योजना असल्यासारखं अधीक्षकांनी पत्रक काढलंय. ते वाचून पुन्हा अंगाचा तिळपापड झाला, पण सही केली.

काल नाना पट्टी निघाल्यावर काळा चष्मा लावून सहज भेटायला आले. ऑपरेशन झालेल्या डोळ्याने माझी चिठ्ठी वाचली आणि म्हणाले, ताई, तुमचं अक्षर इतकं वाईट आहे हे आठ महिने कळलं नव्हतं. मग टेबलावरचा एक चिमटा उचलून उजेडात धरला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "आभार मानायचे राहिलेत." मी कात्र्या मोजत होते, त्या पुन्हा पहिल्यापासून मोजाव्या लागल्या.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. टाचणीचं तू लिहिलंस ते बरं केलंस, पण जायला वेळ लागेल. दहा तारखेला ये. दारात डोकं वाकवून आत ये. आई पडल्याची खरी गोष्ट तुला कळलीय हे मी तिला सांगितलेलं नाही, ते तू सांग. मावशींना मी विचारलं. त्या म्हणाल्या की विचारायला एवढे महिने का लागले, आणि चिडल्या. सगळेच माझ्यावर चिडलेत. त्याचं मला हल्ली वाईट वाटत नाही.

एक राहिलं. माझं कार्ड मी काढायला गेले परवा, आता काय काम त्याचं म्हणून. तर त्याच्या खाली कोणीतरी पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं: "पाच वाजले. तुम्ही घरी जा, मी बघते." नाव नाही. मी कार्ड तिथेच ठेवलं, पर्स उचलली आणि खरंच निघाले. आई दाराकडे बघत होती, दिवा लागायला अजून वेळ होता.

अक्षर कोणाचं ते मी ओळखलंय. तुला सांगणार नाही.

तुझी
ताई